बिजागरीच्या पाट्या

२२ सप्टेंबर १९८७, मंगळवार

आजपासून नवी वही. जुनीत पानं शिल्लक होती, पण नवं काम नव्या वहीत असावं. मुनीरा म्हणाली, "दिवसभर कारखान्यात रजिस्टर भरता, घरी येऊन परत तेच. तुमच्या हाताला लिहायची खाज हाय काय?" बायकोला काय समजावणार. मी नसीर मुलाणी, राहणार पौड, पिरंगुटच्या कारखान्यात सुपरवायझर. सुपरवायझरने जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरावं, असं माझं ठाम मत आहे.

तर नवं काम. आजवर आम्ही रेडिओच्या साध्या सर्किट-पाट्या करत होतो, कडक आणि सपाट. आता पुण्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेला पन्नास पाट्या वेगळ्याच हव्या आहेत. दोन्ही टोकं कडक, मधला पट्टा कापडासारखा वाकणारा. घडी घालून एवढ्याशा डब्यात बसवायच्या. मधे वायर नाही, जोड नाही. पिवळसर पातळ फिल्म, तिच्यावर तांब्याच्या रेघा, आणि तीच फिल्म दोन्हीकडच्या कडक थरांच्या पोटात शिरलेली. वाल्मीक आमचा प्रेसवाला. त्याने नमुना दोनदा मिटला, दोनदा उघडला आणि म्हणाला, "ही तर बिजागरीची पाटी." नाव तेच पडलं.

मालक हैबतराव साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलाणी, ही फिल्म हवेतलं पाणी पिते. ओव्हनमध्ये १२० अंशावर चार तास सुकवायची आणि गरम आहे तोवर थर लावून प्रेसमध्ये घालायची. बाकी काही चुकलं तर चालेल, हे नाही." मी रजिस्टरात लगेच नवा रकाना आखला.

२६ सप्टेंबर, शनिवार

पाच नमुने केले, पाचही पास. श्रेय तानुबाईला दिलं पाहिजे. थर लावण्याच्या खोलीत दोघी बायका आहेत, गंगू आणि तानुबाई. गंगू पिरंगुटचीच. तानुबाई धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात वाडी आहे तिथली, पहाटे उतरून पौडला येते आणि माझ्याच एस.टी.ने पिरंगुटला. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण फिल्मचं भोक खालच्या थराच्या भोकावर असं बसवते की भिंगातून पाहिलं तरी केसभर फरक नाही.

तिला विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, "शिकायचं काय त्यात दादा. मधाच्या पोळ्याला हात घालायचा तर बोटं हालून चालत्यात व्हय?"

साहेबांनी आज सगळ्यांसमोर शब्द दिला. या पन्नास पाट्या पास झाल्या की तानुबाईला रोजंदारीवरून कायम करणार. गाडीत तानुबाई माझ्या मागच्या बाकावरून म्हणाली, "दादा, कायम म्हंजी दिवाळीनंतर बी काम ऱ्हाईल ना?" मी म्हटलं, राहील. दरवर्षी दिवाळी झाली की तिची सगळी वाडी कोळसा पाडायला घाटाखाली जाते, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेलाच परत येते. तिची पोरगी गेली दोन वर्षं दुसरीतच आहे. "मंग यंदा मी आन पोरगी हितंच ऱ्हातो. कान्हू एकटा जाईल." कान्हू तिचा नवरा.

१ ऑक्टोबर, गुरुवार

खंडेनवमी. कारखान्यात यंत्रांची पूजा. हत्यार, यंत्र, वही-लेखणी सगळ्यांना आज विसावा, एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. यंदा दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, त्यामुळे वाल्मीकचं तोंड उतरलेलं. दुकान बंद म्हणे.

रजिस्टरही पूजेत जाणार म्हणून मी आजच्या नोंदी सकाळी दहालाच पुऱ्या केल्या. फिल्म ओव्हनमध्ये दहाला, बंद दोनला, तापमान १२०. अक्षर झकास आलं. मग पाटावर रजिस्टर, त्यावर पेन, त्यावर फूल.

साडेअकराला पूजा झाली. यंत्रांना विसावा द्यायचा तर तो मनापासून द्यावा. नुसतं हळदीकुंकू लावून मागे पंप घरघरत ठेवण्यात काय अर्थ आहे? ही मंडळी आपल्याच देवाच्या कामात ढिली असतात. आमच्या अब्बांना देवीपुढच्या बकऱ्याचा मान होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुरी तीनतीनदा धुवायचे. म्हणायचे, दुसऱ्याच्या देवाचं काम आपल्या हातात आहे, त्यात उणं राहिलं तर गाव मुलाण्यालाच बोलणार. म्हणून मी स्वतः फिरलो आणि एकूण एक स्विच बंद केला. ड्रिल, प्रेस, पंप, ओव्हनचा लाल दिवासुद्धा मीच घालवला. ओव्हनच्या दाराला झेंडूचा हार बसेना, म्हणून दार बोटभर उघडं ठेवून हार कडीत अडकवला.

साहेब खूश. म्हणाले, "मुलाणी, तुमच्याकडून शिकावं." बाराच्या गाडीने सगळे घरी. ही वही काही पूजेत ठेवली नव्हती, म्हणून लिहितोय.

३ ऑक्टोबर, शनिवार

वाल्मीकने ओव्हनमधून फिल्म काढून आणली. साहेबांनी गरम आहे तोवर म्हटलं होतं, ही दोन दिवसांत गार झालेली. जरा मनात आलं. पण एकदा सुकली ती सुकली, आणि रजिस्टरात चार तास लिहिलेले आहेत. दोन दिवस भुरभुर चालू होती, भिंतीला हात लावला तर ओला होतो. प्रयोगशाळेची तारीख पाळायची असेल तर आजच प्रेसला पाहिजे. घातली.

एक गोष्ट मात्र खटकली. तानुबाई दसऱ्याची न्हाऊन तेल चोपडून आलेली. टोपीखालून कपाळावर तेल ओघळत होतं. मी चांगलं फैलावर घेतलं. तिने कपाळ पुसलं, हातमोजे बदलले, टोपी खाली ओढली. "सणाचं लावलं दादा, ऱ्हायलं ध्यानात न्हाई." मी ते रजिस्टरात लिहून ठेवलं. लिहिलेलं कधी वाया जात नाही.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

काय लिहू.

शेवटची परीक्षा असते ती अशी. वितळलेल्या कथलावर पाटी दहा सेकंद तरंगत ठेवायची. चांगली पाटी जशीच्या तशी बाहेर येते. साहेब, मी, वाल्मीक, सगळे भोवती उभे. पहिली पाटी टाकली. तिसऱ्या सेकंदाला तिच्या अंगावर फोड उठला. मग दुसरा. मग टचटच आवाज होत पाटीचे थर सुटले. दुसरी पाटी, तेच. तिसरी, तेच. दहाव्या पाटीनंतर साहेबांनी चिमटा खाली ठेवला. वाल्मीकने उरलेल्या एकेक करून टाकल्या. पन्नासांतल्या दोन वाचल्या.

एकवीस वर्षं नोकरी केली, असं कधी पाहिलं नव्हतं. फिल्म परदेशातून येते, आता कपाटात एकाच खेपेपुरती उरली आहे. प्रयोगशाळेने मुदत दिली ती दिवाळीपर्यंत.

आज जुम्म्याची नमाज चुकली. घरी जेवण गेलं नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

साहेबांनी केबिनमध्ये चौकशी घेतली. मी, वाल्मीक, गंगू, तानुबाई. साहेब म्हणाले, थर सुटायची कारणं दोनच. एकतर फिल्म ओली, नाहीतर थरांमध्ये तेल. मी रजिस्टर पुढे केलं. दहा ते दोन, १२० अंश, खाली माझी सही. साहेबांनी सही तेवढी पाहिली आणि म्हणाले, "मुलाणीचं रजिस्टर म्हणजे दगडावरची रेघ. मग राहिलं तेल." आणि तेलाची नोंदही त्याच रजिस्टरात, तीन तारखेला, माझ्याच हातची.

तानुबाई एवढा वेळ भिंतीशी उभी होती. म्हणाली, "सायेब, मी बोलू का? तेलानं आसं फुगत न्हाई. भाकर फुगती ती पाण्यानं. वरचा पापुद्रा सुकला आन आत पानी ऱ्हायलं की फुगती. तेल लावल्याली कवा फुगलीय का?"

साहेब हसले नाहीत. मला मात्र राग आला. चोराच्या उलट्या बोंबा. लाखाचं काम बुडवून भाकरीचं शास्त्र सांगते. मी म्हणालो, "तानुबाई, हे चुलीवरचं नाही, हे मशीनचं काम आहे." तिने माझ्याकडे पाहिलं, मग पायांकडे.

साहेबांनी तिला कामावरून कमी केलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. जाताना टोपी आणि हातमोजे घडी करून टेबलावर ठेवून गेली.

१२ ऑक्टोबर, सोमवार

गाडीत मागचं बाक रिकामं. गंगू दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलली. मुनीराला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "भाकरीचं ती बरोबर बोलली की." तिला म्हटलं, तुला त्यातलं काही कळत नाही. "मशीनचं न्हाई कळत. भाकरीचं कळतं."

१४ ऑक्टोबर, बुधवार



नव्या खेपेची तयारी म्हणून मागची फिल्म नेमकी किती तारखेला किती वाजता ओव्हनमध्ये गेली ते पाहायचं होतं. रजिस्टर कारखान्यात राहिलं होतं. म्हणून ही वही काढली. एक ऑक्टोबरचं पान उघडलं. माझंच अक्षर. साडेअकराला पूजा झाली. ओव्हनचा लाल दिवासुद्धा मीच घालवला.

दहा ते साडेअकरा म्हणजे दीड तास. चार नव्हे. त्या वेळी फिल्म आतच होती आणि दार मीच बोटभर उघडं ठेवलं होतं, हार बसेना म्हणून. दोन दिवस, दोन रात्री, त्या भुरभुरीत. पाणी प्यायला यापेक्षा काय पाहिजे होतं तिला.

मी पान तीनदा वाचलं. कुणी दुसऱ्यानेच लिहिलंय की काय असं वाटलं. फिल्म मी ओली केली. खोटी नोंद मी केली. खोटी करायची म्हणून केली नाही, पण नोंद खोटी आहे. आणि जिने खरं सांगितलं तिला मी चोर म्हणालो. तोंडाने नाही म्हणालो, पण या वहीत लिहिलंय.

मुनीराने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पित्त.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

सांगायचं ठरवून गेलो. साहेब पुण्याला गेलेले, प्रयोगशाळेची मनधरणी करायला. वाल्मीकला सांगावं का असं मनात आलं, पण आधी साहेबांना सांगणं रीतीला धरून होईल.

गाडीत विचार केला. नवी खेप मी स्वतः सुकवणार, ओव्हनसमोर खुर्ची टाकून चार तास बसणार. पाट्या चांगल्या येतील. मग साहेबांचा राग निवळेल, आणि तेव्हा मी सांगेन की आधीच्या वेळी ओव्हनमध्ये काहीतरी गफलत झाली असावी, तानुबाईला परत बोलवू. तिचंही काम होईल आणि माझीही अब्रू राहील. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न. कोळशाच्या भट्ट्यांवर जायला दिवाळी उलटायची आहे अजून.

हे लिहिल्यावर जरा बरं वाटतंय.

१७ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी गेटवर गर्दी. वाल्मीक धावत आला, "दादा, तुमी या आधी."

तानुबाई उभी होती. पदर डोक्यावरून घेतलेला. मला पाहिल्यावर तिने तो खाली घेतला. डोक्यावर केस नव्हते. वेणी नव्हती असं नाही, केसच नव्हते. कुठे बोटभर, कुठे त्याहून कमी, कानामागे कातडी खरवडून खपली धरलेली. कोयत्याने कापले होते.

"आता तेल लावायला जागाच न्हाई ठिवली दादा," ती म्हणाली. "सायबाला म्हना, आता घ्या."

गंगूने तोंडावर हात धरला. सवाष्ण बाई. मी विचारलं, कान्हू काय म्हणाला? "त्यो कशाला म्हनंल, त्यो बोलंनाच झालाय. वाडी इचारती, घरात कोन मेलं."

मी तिला साहेबांकडे घेऊन गेलो. साहेबांनाही धक्का बसला, उठून उभे राहिले. लगेच म्हणाले, घ्या तिला, आजच घ्या, हिच्याएवढी कळकळ कुणाला आहे. तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. साहेब म्हणाले, "मुलाणी, ओव्हन लावा," आणि मी ओव्हन लावायला गेलो.

खुर्ची टाकून चार तास बसलो. दिव्यावरून नजर हलवली नाही. फिल्म गरम असताना मीच तानुबाईच्या टेबलावर नेऊन दिली. तिने टोपी घातली. ती आता डोक्यावर सैल होत होती, गंगूने मागून पिन लावून दिली. तानुबाईने माझ्याकडे न बघता पन्नासच्या पन्नास पाट्यांचे थर लावले.

घरी येऊन मुनीराला सांगितलं, केसांचं. बाकीचं नाही. मुनीरा किती तरी वेळ स्वतःची वेणी हातात धरून बसली होती.

२० ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी दोन दिवसांवर. आज कथलाची परीक्षा. पन्नासांतल्या पन्नास पास. एकाही पाटीवर फोड नाही. साहेबांनी एक पाटी मधे वाकवून बोटावर मिटली, उघडली, पुन्हा मिटली. वाल्मीकने शिट्टी मारली. मला वाटलं, सुटलो.

साहेबांनी सगळ्यांना थर लावण्याच्या खोलीत बोलावलं. पेढे आणले होते. म्हणाले, "तानुबाई आजपासून कायम." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, "आणि एक गोष्ट सिद्ध झाली. तेव्हाही हीच फिल्म, हेच ओव्हन, हाच प्रेस, हीच तानुबाई. फरक काय तो केसांचा. तेलच होतं. हाताच्या काकणाला आरसा कशाला? तानुबाईने स्वतः चूक ओळखली आणि सुधारली, हा तिचा मोठेपणा. दिवाळीनंतर या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येक बाईने केस बारीक ठेवायचे. ज्यांना जमणार नाही त्यांनी पॅकिंगला जावं."

गंगूची वेणी कमरेपर्यंत आहे. तिने ती पुढे ओढून पदराखाली घेतली.

मी तानुबाईकडे पाहिलं. पेढा हातातच होता, खाल्ला नव्हता. तिला कळलं होतं. निर्दोष ठरायला म्हणून तिने केस कापले आणि त्या केसांवरूनच ती कायमची दोषी ठरली. आता तिने शंभर पाट्या चांगल्या केल्या तरी त्या तेलाचीच साक्ष देणार. हे माझ्या डोक्यात याआधी का आलं नाही? मी चांगली खेप काढून प्रकरण मिटवणार होतो. मिटलं ते असं.

मी म्हणालो, "साहेब, तेल नव्हतं."

आवाज इतका बारीक निघाला की साहेब म्हणाले, "काय?" मग मी सगळं सांगितलं. पूजा, स्विच, हार, उघडं दार. पेनला हात लावायचा नाही म्हणून दोनची नोंद दहाला केली तेही. सांगताना मला वाटत होतं की वाल्मीक हसेल, निदान साहेब ओरडतील. कुणी काहीच केलं नाही.

साहेब शेवटी म्हणाले, "म्हणजे यंत्रांची पूजा केली म्हणून." वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाले, तानुबाईचं कायम तसंच राहील, केसांचा नियम रद्द, आणि मुलाणी, तुमचं काय ते दिवाळीनंतर बघू. मला फक्त दिवाळीनंतर. तिला दोन मिनिटांत काढलं होतं. हे मला आज, तिथे उभं असताना, पहिल्यांदा दिसलं.

सगळे पांगले. गंगू थांबली होती, तानुबाईने तिलाही पुढे पाठवलं. मी म्हटलं, "तानुबाई, माझं चुकलं. हातून घडलं, जाणूनबुजून नाही."

"व्हय," ती म्हणाली. "लाल दिवा इझवला त्यो जानूनबुजून न्हाई. द्येवाच्या कामाला इझवला, त्यात तुमचं काय न्हाई."

वाटलं, माफ केलं. तिने टोपी काढली, पिन काढून टेबलावर ठेवली, कानामागची खपली बोटाने चाचपली.

"पर दादा, ह्ये तुमाला कळलं कवा?"

खोटं बोलायचं ठरवलं असतं तर 'आज सकाळी' असं म्हणता आलं असतं. कुणाला कळलं असतं?

"बुधवारी," मी म्हणालो. "मागच्या बुधवारी."

तिने बोटांवर मोजलं. बुधवार, बेस्तरवार. तिसऱ्या बोटावर अंगठा थांबला आणि तिथेच राहिला.

"केस मी शुक्करवारी कापलं," ती म्हणाली.